माफी कोणाची मागावयाची?



मुलाकडे एश्बॉर्नला आलो की संध्याकाळी आम्ही फिरावयास जातो. फ्रँकफुर्टला लागून असलेले हे गाव दिवसा कचेऱ्यांनी गजबजते व रात्री शांत होते. हेसेन राज्याचे माजी मुख्यमंत्री रोलँड कॉख यांचे राजकारण येथेच सुरू झाले. १९७२ साली, शाळकरी वयात, त्यांनी सी. डी. यू. पक्षाची युवक शाखा या गावात काढली.

त्यांच्या पक्षाची एक गोष्ट आपणां यहुद्यांना लागणारी आहे. १९८३ साली पक्षाच्या हेसेन शाखेतील जुन्या पुढाऱ्यांनी सुमारे २ कोटी मार्क गुपचूप स्वित्झर्लंडला नेऊन ठेवले. पुढे त्यांतील पैसा परत आणताना सांगण्यात आले, की परदेशी गेलेल्या यहुद्यांनी तो मृत्युपत्राने पक्षाला ठेवला आहे. जानेवारी २००० मध्ये ही थाप उघडकीस आली. कॉख यांनी कसून चौकशी करण्याचे वचन दिले. परंतु हिशेबातील एका बनावट कर्जाची गोष्ट ठाऊक असूनही ती पत्रकारांपासून लपविली. फेब्रुवारीत त्यांनी हे कबूल केले, माफी मागितली. खुर्ची मात्र सोडली नाही.

त्या माफीने पत परत आली काय? आकडे ‘आली’ म्हणतील. पक्षाला ४ कोटी मार्कांहून अधिक दंड झाला, तरी २००३ साली हेसेनमध्ये त्याला ४८.८ टक्के मते व स्पष्ट बहुमत मिळाले. पण मत म्हणजे क्षमा नव्हे. मतदार रोजगार पाहतो, शाळा पाहतो, समोरचा उमेदवार पाहतो. २००८ साली त्याच पक्षाची मते ३६.८ टक्क्यांवर आली, तीही जुन्या थापेमुळे नव्हे.

आम्ही शिकवीत असताना एका मुलाने दुसऱ्याची कंपासपेटी मोडली व आमच्यापुढे येऊन, “सर, चुकलो,” म्हणाला. आम्ही म्हटले, “माझे काय मोडलेस? ज्याची पेटी आहे त्याच्याकडे जा.”

दारफाळणीच्या सणाला उपास धरून देवाचा अपराध फिटतो. माणसाचा अपराध त्याची समजूत काढल्यावाचून फिटत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर कबुली द्यावी, असा दंडक आहे. येथे कोणत्या कबरीवर जावयाचे? ती मृत्युपत्रे करणारे कोणी नव्हतेच. मात्र ज्यांना या देशातून खरोखर परागंदा व्हावे लागले, त्यांच्या नावावर ती थाप खपली.

म्हणून आमचे मत असे, की पुढाऱ्याच्या माफीने खुर्ची वाचू शकते, पत नाही. पत हवी असेल तर कबुली पकडले जाण्यापूर्वी यावी, पूर्ण यावी, आणि देताना काही गमवावे लागावे. आपल्या मंडळाच्या सभेत हिशेबाची चूक निघते, तेव्हा आपणही ‘झाले गेले विसरा’ म्हणून चहा मागवितो. तो चहा घेण्यापूर्वी, नुकसान कोणाचे झाले एवढे तरी विचारावे.