विसाव्याचा कर्ता

धावण्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या तरुणाला त्याच्या गुरूने सात दिवस मुळीच धावू नकोस असे फर्मावले, तर त्या आज्ञेने त्याच्या पायांना सुख होण्याऐवजी त्याच्या अंतःकरणाला पीडा का व्हावी, हा प्रश्न वरवर व्यायामशास्त्राचा दिसला तरी वस्तुतः कर्मविचाराचा आहे, आणि म्हणून भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या आधारे त्याचा ऊहापोह करावा असे मला वाटते.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नव्हे. घाटावर चिखली-मेहकरकडे काय, घाटाखाली मोताळा-नांदुऱ्याकडे काय, उजाडण्यापूर्वी डांबरी सडकेच्या कडेने धावणारी मुले-मुली पाहिली नाहीत असा माणूस विरळा. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण मुलांच्या 1600 मीटर आणि मुलींच्या 800 मीटर धावेवर अवलंबून, जाहिरात केव्हा निघेल याचा नेम नाही, आणि वयोमर्यादा तर कोणासाठीच थांबत नाही. अशा मुलाची नडगी ठणकू लागली, अंगठ्याने दाबताच हाडाच्या कडेवर नेमक्या एका ठिकाणी कळ उठू लागली, तरी तो पायाला पट्टी गुंडाळून पहाटेच्या हजेरीला रुजू होतो. कारण एक खाडा पडला की महिन्याची मेहनत वाया गेली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

या समजुतीविरुद्ध त्याचे हाडच साक्ष देते. वारंवार आघात सोसणाऱ्या हाडातला जीर्ण भाग शरीर आधी पोखरून काढते आणि मग तिथे नवा भाग भरते. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला महिने लागतात, आणि मधल्या मुदतीत हाड पूर्वीपेक्षा दुबळे असते. स्नायूंची झीज भरून निघणे, त्यांतील साखरेचा साठा पूर्ववत होणे, ही कामेही धाव थांबल्यावर, अन्नाच्या आणि निद्रेच्या अंमलात चालतात. धावपटू जिला आपली कमाई म्हणतो, ती अशी त्याच्या नकळत देहात जमा होत असते.

अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव, म्हणजे माझ्या मते, ज्यावर कर्त्याचा हुकूम चालत नाही असा कार्याचा वाटा. लगोलग असेही बजावले आहे की, जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही. विश्रांतीच्या सप्ताहात चेष्टा तहकूब होते, कर्त्याला बाजूला बसावे लागते, आणि तरीही काम चालू राहते. त्या कामावर त्याची सही नसते, एवढेच. त्याची पीडा इथे आहे.

दुखऱ्या नडगीवर धावण्याला जो जिद्द म्हणतो त्याने त्याच अध्यायातले तामस कर्माचे लक्षण पाहावे: परिणाम, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. आळस तामस, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. अविचारी कष्टही त्याच सदरात पडतात, हे फारसे कोणी सांगत नाही. अर्थात देहक्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागाला गीता राजस म्हणते आणि त्याचे फळ नाकारते, तेव्हा कंटाळून घेतलेल्या सुट्टीचे मी समर्थन करीत नाही. परंतु ज्या मुलखात पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने बैलाचे खांदे शेकतात आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, तिथल्याच शेतकऱ्याच्या मुलाने स्वतःच्या पायांना तेवढीही सूट देऊ नये, याचे मला फार वाईट वाटते.

घरी पडून राहा, एवढे सांगून मात्र भागत नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा चोरून धावतो, हे शिकवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्यापेक्षा त्याला मैदानावरच बोलवावे, हाती घड्याळ द्यावे, सोबत्यांच्या फेऱ्या मोजून वेळा वहीत टिपायला लावाव्यात. सोबत्याची वेळ सुधारलेली पाहून पोटात खड्डा पडला तरी त्याने ती अचूक लिहावी. आणि सात दिवसांनंतरही अंगठ्याखाली तीच कळ उठली, तर डॉक्टरला दाखवण्याची तजवीज करून मुदत वाढवावी, मग जाहिरात निघालेली का असेना.