धोक्याची वेळ

आरोग्य विम्याच्या पॉलिसीतले बारीक टाइपातले पान सहसा कुणी वाचत नाही. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांचा खर्च मिळणार नाही, असे एक कलम त्यात असते. त्याच कलमात अपवादही असतो : अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ही भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी घालून दिली. कॅन्सरसाठी काढलेला स्तन पुन्हा घडवणे हा नटण्यामुरडण्याचा प्रकार नव्हे, हे विम्यासारख्या रुक्ष व्यवहाराने कबूल केले आहे. घरात ते अजून कबूल व्हायचे आहे. ‘पोरांची लग्नं झाली, आता कशाला हवंय ते?’ असे सासू म्हणते, नवरा म्हणतो आणि पुष्कळदा ती बाईही म्हणते, कारण आपल्याला विचारले जाईल हेच तिने गृहीत धरलेले नसते.

दुसऱ्या टोकाला शहरातली खासगी रुग्णालये आहेत. तिथे हीच शस्त्रक्रिया ‘पॅकेज’ म्हणून समोर येते आणि एकाच भुलीत सगळे पूर्ववत होईल असा सूर लागतो. तसे ते होत नाही. नवा स्तन हा आकार असतो. संवेदना बहुतेक कापल्या गेलेल्या मज्जातंतूंबरोबर जाते, कधी थोडी परत येते. गरम पाण्याच्या पिशवीने तिथली कातडी भाजली तरी कळले नाही, असे प्रसंग डॉक्टरांना ठाऊक आहेत. स्तनाग्र नंतर वेगळे घडवावे लागते किंवा गोंदवून घ्यावे लागते. दुसरा स्तन वयाबरोबर उतरतो, हा उतरेलच असे नाही. हे सगळे आधी सांगितले तर अनेकींना ते चालते. नंतर कळले तर फसवल्यासारखे वाटते.

‘किती धोका आहे?’ हा प्रश्न सगळ्यांना सुचतो. मला त्याहून उपयोगी वाटतो तो प्रश्न धोक्याच्या वेळेचा : तो आत्ता आहे, की दहा वर्षांनी? आणि तो छातीला आहे, की शरीराच्या दुसऱ्याच भागाला?

इम्प्लांटचा मार्ग सोपा दिसतो. छातीच्या स्नायूखाली किंवा स्नायूवर फुगवता येणारी एक पिशवी ठेवतात, काही आठवडे तिच्यात थोडेथोडे सलाइन भरून कातडी सैल करून घेतात आणि मग तिच्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. ऑपरेशन त्या मानाने लहान, अंगावर दुसरी जखम नाही. मात्र हे इम्प्लांट जन्मभर पुरणारे नसते. भोवती शरीर जे आवरण तयार करते ते आवळत जाऊन स्तन घट्ट आणि दुखरा होऊ शकतो; इम्प्लांट फाटू शकते आणि फाटल्याचे बाहेरून कळतही नाही, म्हणून काही वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करत राहावे लागते. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट 1962 साली ह्यूस्टनमध्ये बसवले गेले. पुरेशी माहिती नाही म्हणून अमेरिकेने 1992 मध्ये त्यांचा सर्रास वापर थांबवला, तरी कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेसाठी वाट ठेवली. 2006 मध्ये बंदी उठली. मग 2011 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाची सूचना दिली. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला निघाला आणि 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला आपली तशी इम्प्लांट्स जगभरातून परत घ्यावी लागली. आजार विरळा आहे आणि लवकर कळला तर इम्प्लांट व आवरण काढून बहुतेक वेळा बरा होतो. पण तो दिसतो तो सहसा कित्येक वर्षांनी, अचानक आलेल्या सुजेच्या रूपात. तोवर बाईने गाव बदललेले असते, डॉक्टर निवृत्त झालेले असतात. आपल्या इम्प्लांटची कंपनी आणि क्रमांक लिहिलेले कार्ड किती जणींच्या कपाटात सापडेल?

दुसरा मार्ग स्वतःच्याच मांसाचा. त्याचे मूळ तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून घडवले आणि 1794 साली ती हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. कातडी उचलायची, पण रक्त पुरवणारा एक पट्टा जोडलेला ठेवायचा. पाठीचा स्नायू काखेतल्या रक्तवाहिन्यांवर तसाच लोंबता ठेवून पुढे छातीवर आणणे हे त्याच रीतीचे. इटलीत सर्जन तान्सिनी यांनी ते 1906 मध्येच मांडले होते, पण अमेरिकेतले सर्जन हॉलस्टेड यांच्या अधिकारवाणीपुढे ते मागे पडले. असे झाकले तर पुन्हा आलेला कॅन्सर खाली दडून राहील, ही त्यांची भीती. पुढच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही, तरी नातेवाइकांच्या तोंडून आजही ती जशीच्या तशी ऐकू येते.

आता जास्त पसंती पोटाला आहे. ओटीपोटाची कातडी आणि चरबी पूर्ण सुटी करून, तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. टेबलावर सहा-आठ तास जातात आणि पहिले दोन दिवस नर्स तासातासाला रंग व ऊब पाहत राहते. जोडलेल्या वाहिनीत रक्ताची गाठ धरली आणि वेळेत उघडले नाही तर सगळा तुकडा जातो. इथला धोका पुढ्यातच, आठवडाभराच्या आत. तो टळला की स्तन आपलाच. वजनाबरोबर वाढतो, उतरतो. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी 2,343 स्त्रियांचा दोन वर्षे मागोवा घेतला. 2018 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत सुमारे 33 टक्के जणींना काही ना काही गुंतागुंत झाली, 19 टक्क्यांना त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागले आणि साडेपाच टक्क्यांची पुनर्रचनाच फसली. स्वतःच्या मांसाच्या पद्धतींत गुंतागुंत जास्त, पूर्ण फसणे मात्र इम्प्लांटपेक्षा कमी. ही निष्णात केंद्रांची आकडेवारी आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे त्यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली रेडिएशन, ज्याला वॉर्डात ‘लाईट’ म्हणतात. आपल्या बायका उशिरा येतात, गाठ मोठी झालेली असते, काखेत पसरलेली असते. म्हणून स्तन काढल्यावरही पुष्कळींना लाईट घ्यावी लागते. लाईट लागलेल्या कातडीखाली इम्प्लांट नीट टिकत नाही, आवळते, कधी उघडे पडते. तिथे आधी लाईट आणि वर्षभराने पोटाचे मांस, हा क्रम पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो. दुसरी गोष्ट मशेरी. सिगारेट ओढता का, असे विचारले की बाई खरेच ‘नाही’ म्हणते. मशेरी तिच्या हिशेबात व्यसन नसतेच. पण निकोटिन रक्तवाहिन्या आवळते आणि जोडलेला तुकडा वाचवायचा तर ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सुटलेली हवी. प्रश्नच चुकीचा विचारला तर उत्तर बरोबर येणार कसे?

शिवाय मांस घ्यायचे कुठून, हा प्रश्न कामाचाही आहे. पाठीचा स्नायू काढल्यावर खांद्याचा जोर थोडा उतरतो; पोटाचा स्नायू घेणाऱ्या जुन्या पद्धतीत भिंत सैल होऊन हर्निया होऊ शकतो. ऑफिसात बसणारीला हे सोसेल. हंडा उचलणारी, भात लावणारी, डोक्यावर पाटी घेणारी बाई मात्र तिच्या पोटापाण्याच्याच स्नायूचा सौदा करत असते. रोज काय काम करता, हे तिला कुणी विचारले पाहिजे.

मुळात पूर्ण स्तन काढणे गरजेचे आहे का, हा प्रश्न सगळ्यांच्या आधीचा. लवकर कळलेली गाठ तेवढी काढून लाईट दिली तर जगण्याची शक्यता तेवढीच राहते, हे मिलानच्या आणि अमेरिकेच्या चाचण्यांनी 2002 मध्ये वीस वर्षांच्या निष्कर्षांसह दाखवले. तरीही लाईटसाठी कित्येक आठवडे शहरात राहायचे कुठे, या विवंचनेपायी काही बायका स्तन गमावतात. आणि काहीच न करता सपाट छातीने जगणे हाही पूर्ण पर्याय आहे. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी 1980 च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये तो ठामपणे मांडला : कृत्रिम स्तन न लावता डॉक्टरकडे गेल्या म्हणून नर्सने त्यांना टोकले होते. त्यांचा राग मला पटतो, पण तो बिनशर्त उचलता येत नाही. आपल्याकडे ‘नको’ म्हणणाऱ्या बाईने नकार दिला, की तिच्यापुढे काही ठेवलेच नव्हते, हे आधी तपासावे लागते.

सरकारी रुग्णालयाची अडचण खरी आहे. पोटाच्या एका पुनर्रचनेत ज्या टेबलावर दिवस जातो, त्यावर दोन-तीन बायकांच्या गाठी निघू शकतात. 2022 मध्ये देशात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. रांग लांब आहे आणि सगळ्यांना हे लगेच देता येणार नाही. पण बोलायला टेबल लागत नाही. पुनर्रचना काही वर्षांनंतरही करता येते, हे सांगायला प्रशिक्षित नर्सची किंवा यातून गेलेल्या एखाद्या बाईची वीस मिनिटे पुरतात. स्तन काढण्याच्या संमतीपत्रावर एक ओळ वाढवावी : पुनर्रचना, सपाट छाती, नंतर ठरवणे, यांबद्दल बोलणे झाले की नाही, आणि झाले असेल तर कोणत्या भाषेत. त्या ओळीखाली सही किंवा अंगठा तिचा असावा, नवऱ्याचा किंवा मुलाचा नव्हे.