प्यायचं होतं ते

शेकोटी मी विझवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहीन त्यात माझी बाजू कुठली, याचा घोळ राहणार नाही.

मार्चअखेरचा शनिवार होता. खर्डीपासून आत, भातसा जलाशयाच्या काठी, एका पाड्याखालच्या माळावर आम्हा पाच मित्रांचे तीन तंबू होते. रात्रीचे साडेअकरा झाले होते. गवत कडकडीत वाळलेलं, वारा सुटलेला. निखारे तसेच टाकून झोपायचं नाही, एवढं शहाणपण तीस वर्षांच्या भटकंतीत अंगवळणी पडलंय. चुलीपाशी एक भरलेला हंडा ताटली झाकून ठेवला होता. उचलला आणि ओतला. चर्र आवाज झाला, राखेचा लोट उठला. वणवा टाळल्याच्या समाधानात मी हात झटकले.

आम्हाला तंबू भाड्यानं देणाऱ्या पाड्यावरच्या पोराची चुलती भांडी न्यायला आली होती. चार पावलांवर थांबून ती म्हणाली, "प्यायचं होतं ते."

आवाजात राग नव्हता. दूध उतू गेल्यावर आपण जसं बोलतो तसं म्हणाली, आणि रिकामा हंडा काखेला लावून वर पाड्याकडे गेली. जलाशय तिथून पन्नास-साठ पावलांवर, चांदण्यात पसरलेला. तेवढी पावलं उतरून मला बादलीभर पाणी आणता आलं असतं. काठाला चिखल होता, आणि हंडा हाताशी होता.

दिवसभराचं सांगायचं तर दिवस फार छान गेला होता. पहाटेच्या कसारा लोकलनं आसनगावला उतरलो, माहुलीच्या पायथ्याशी वनखात्याची पावती फाडली आणि ऊन चढायच्या आत वरची लोखंडी शिडी गाठली. गुडघे कुरकुरत होते. पाचही जण आता पन्नाशीपलीकडचे. माथ्यावर टाक्याच्या तळाशी पाणी होतं. तिथे आमच्यातल्या मास्तरांनी नेहमीप्रमाणे पहारा दिला: पाय घालायचा नाही, तोंड धुवायचं नाही, माणशी एक बाटली. ह्याच गडावर १६३६ साली शहाजीराजे वेढ्यात अडकले होते आणि निजामशाही बुडाली, हेही त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. दुपारी खर्डीमार्गे तळ्याकाठी आलो. तांदळाच्या भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं. मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून लोळलो. संध्याकाळी कुणीतरी जुनी गाणी काढली. एवढ्या वर्षांनी पाचांपैकी एकाचाही फोन दोन तास वाजला नाही, हेच मोठं सुख.

पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार त्या पोरानं खर्डीहून रिक्षानं आणले होते. दुपारीच ते संपले. कसे संपले ते आता आठवतं: हात धुतले, पाय धुतले, काकड्या धुतल्या, एकानं ऊन लागतं म्हणून डोक्यावर ओतून घेतलं. जार संपले म्हणून चुलतीनं घरचा हंडा खाली आणून ठेवला होता. तो रात्री मी संपवला.

आमच्यातला बँकेतून निवृत्त झालेला मित्र तंबूतूनच म्हणाला, "अरे, माणशी बाराशे मोजलेत. त्यात पाणी आलंच की."

हिशेब म्हणून त्याचं चुकलेलं नव्हतं. तरी मला झोप लागेना.

मी मुलुंडला राहतो. सात तलावांत मिळून मुंबईसाठी जे साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी साठतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातशाचं. ते धरणातून नदीच्या पात्रात सोडतात, खाली पिशाच्या बंधाऱ्याशी पंपांनी उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते शहरात येतं. तानसा १८९२ पासून शहराची तहान भागवतंय. मोडक सागर आणि मध्य वैतरणा नंतरचे. हे सगळं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या अंगाला. आणि त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही ओळ दर एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत येते. मीही ती दोनदा वापरली आहे, हे कबूल करतो. पण ती लिहिताना डोळ्यांपुढे सरकार असतं, महापालिका असते. हातात हंडा घेतलेला मी कधीच नसतो.

कारण तसं साधं आहे. पाणी उताराला धावतं, पाडे चढावर असतात. शहराच्या दिशेनं ते पिशापर्यंत नदीच्या वाटेनं आपसूक जातं. दोनशे फूट वरच्या घरांपर्यंत न्यायचं तर पंप हवा, वीज हवी, वीजबिल भरणारं कुणी हवं. म्हणून तर इगतपुरी तालुक्यातल्या, उंचावरच्या भावली धरणातून उतारानं शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना आखली गेली. उशाशी भातसा असताना घाटमाथ्यावरून पाणी आणायचं! योजना शहाणपणाची आहे, तरी ऐकताना हसावं की काय करावं कळत नाही.

पण मला छळत होता तो मित्राचा शब्द. 'मोजलेत.'

आमच्या कॉलेजच्या दिवसांत असे तंबू नव्हते. शेवटच्या लोकलनं उतरायचं, बॅटरीच्या उजेडात गाव गाठायचं, देवळात पथाऱ्या टाकायच्या. मुरबाडकडे वैशाखऱ्यातून नाणेघाटाला गेलो होतो तेव्हा एका घरानं रात्री दहाला चूल पेटवून पिठलं-भात घातला होता. सकाळी पैसे काढले तर म्हातारी रुसली. आम्ही त्याला आदरातिथ्य म्हणायचो आणि शहरात येऊन गोडवे गायचो. त्या घरात तो तांदूळ किती दिवसांचा होता हे पाचांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. त्यामुळे 'पूर्वीचं ते खरं' असं मी म्हणणार नाही. आताचा पोरगा दर माणशी दर सांगतो, आगाऊ रक्कम फोनवर घेतो, हे कितीतरी बरं. दिवाळीनंतर इथली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. हा दोन वर्षं गेला नाही, तंबूंमुळे घरी राहिला. त्यानं स्वतः सांगितलं. पाण्याकडे बोट करून आजोबांचं शेत कुठे होतं तेही दाखवलं. तिथे तेव्हा दोन बगळे उतरले होते.

तर पैसे वाईट नाहीत. पैशांनी नेमकं काय फिटतं, एवढाच प्रश्न आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं हे सांगितलंय. (तो मजकूर फोनवर फिरतो तेव्हा खाली शिवाजी महाराजांचं पत्र असं लिहिलेलं असतं, ते असो.) रानातला साग परवानगीनं तोडावा. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तरच त्याच्या धन्याला राजी करावं, त्याचं मोल द्यावं आणि त्याच्या संतोषानं ते न्यावं. जबरदस्ती करू नये. ज्याच्या हातात सत्ता, फौज आणि खजिना होता त्या राज्यानं आपल्या अंमलदारांना हे बजावलंय. नुसतं 'मोल द्यावं' एवढं लिहून भागलं असतं. पण त्याआधी राजी करणं आहे आणि त्यानंतर संतोष आहे. मधलं तेवढं आम्ही उचललं. आता तर तेही फोनवरच, माणूस भेटायच्या आधी.

आणि एक गोष्ट अंधारात पडल्या पडल्या लक्षात आली, ती मला फारशी आवडली नाही. माहुलीच्या टाक्यातलं पाणी आम्ही थेंबाथेंबानं वापरलं होतं. तिथे कुणाला काही मोजलेलं नव्हतं. त्या पाण्याचा धनी दिसत नव्हता म्हणून की काय, आम्ही स्वतःच राखणदार झालो. खाली धनी समोर होती, तिच्या पुतण्याला पैसे पोचले होते, म्हणून आमच्यातला राखणदार सुटीवर गेला. मास्तरसुद्धा. डोक्यावर जार ओतून घेणारे तेच.

पहाटे साडेपाचला माणसांचा आवाज आला. मोहाखाली दोन पोरी टोपलीत फुलं वेचत होत्या. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून जाळलेला होता. चुलती हंडा-कळशी घेऊन उतरत होती. मीही एक हंडा घेतला. "तुम्ही कशाला, काका?" म्हणाली, पण अडवलं नाही.

तळ्याकडे नव्हे, उलट्या बाजूला, कोरड्या ओहळात गेलो. रेतीत कमरेइतका खोल डवरा खणलेला. तळाशी परातीएवढं पाणी, गढूळ नाही, चांगलं नितळ. चार बाया आधीच बसल्या होत्या. वाटीनं पाणी घ्यायचं, फडक्यातून गाळायचं, हंड्यात ओतायचं. आठ-दहा वाट्या झाल्या की थांबायचं, झिरपू द्यायचं. तळ्याचं पाणी का नेत नाही, असं मी विचारलं. ते गुरांना आणि धुण्याला, एक जण म्हणाली. आता पाणी आटत चाललंय, गाळ वर आलाय, उकळलं तरी वास जात नाही. मग माझ्याकडे बघून दुसरी काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. शेकोटीची बातमी पोचलेली दिसत होती.

माझा हंडा भरायला पाऊण तास लागला. डोक्यावर घ्यायची माझी टाप नव्हती, खांद्यावर घेतला. चुंबळ नसल्यानं तो कुठेच बसेना. दर दहा पावलांना शर्टावर सांडत गेला. वर पोचलो तेव्हा अर्ध्याच्या जरा वर असेल.

निघताना पोरानं फोनवर हिशेब केला. जेवण, तंबू, कोंबडी जास्तीची, जार दोन. मी म्हटलं, रात्रीचा हंडा धर त्यात. तो गोंधळला. "पाण्याचे काय पैसे घ्यायचे, काका?" जारचे त्यानं नव्वद रुपये लावले होते. हंड्याला लावायला त्याच्याकडे दरच नव्हता.

चुलतीनं माझ्या हंड्यात वाकून पाहिलं. मग तो उचलून चुलीपाशी नेला आणि त्यातलं पातेलंभर पाणी ओतून आधण ठेवलं. आमच्या चहासाठी.