उत्पन्नात वाटा, तर थंडीतही वाटा

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



काकड आरतीचे दिवस चालू आहेत. यंदा थंडीने फारच घाई केली. जी हुडहुडी आपल्याला मार्गशीर्ष-पौषात भरायची ती कार्तिकातच आली. दिवाळीचा फराळ संपायच्या आत शाली आणि कानटोप्या कपाटाबाहेर निघाल्या. आरती झाली की आलं घातलेला चहा हातात घेऊन आपण म्हणतो, "वा, काय गुलाबी थंडी पडलीय!" आम्हीही म्हणालो. आपल्या अंगावर शाल आहे, डोक्यावर छप्पर आहे, म्हणून ती आपल्याला गुलाबी वाटते.

परवा असाच चहा चालू होता आणि आपल्यातल्या एका साधकबंधूंचा फोन वाजला. त्यांचं गाव रावेरकडचं. ते इथे मिलमध्ये कामाला, धाकटा भाऊ गावी केळीच्या बागेत. धाकटा म्हणाला, "दादा, पानं पिवळी पडायला लागली. निसवलेले घड जागच्या जागी थांबलेत. काय करू?"

आपले बंधू म्हणाले, "काळजी करू नको. सद्गुरूंवर सोड." शेजारी बसलेल्या आम्ही सगळ्यांनीही मान डोलावली. कोणी म्हणालं, "बरोबर आहे, त्यांच्यावर सोडलं की झालं."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "दादा, त्यांच्यावर तर सोडलंच आहे. पण रात्री दोनला मोटर चालू करायला जावं लागतं, आणि सोबतीला कोणी नाही."

फोन ठेवला गेला. चहा तसाच राहिला. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही जे बोललो ती श्रद्धा नव्हती. ते हात झटकणं होतं, त्याला फक्त सद्गुरूंचं नाव लावलं होतं. म्हणून आजचं हे चिंतन. ते आधी आम्हाला आहे, मग तुम्हाला.

*थंडी एकच, पिकं वेगळी*

आपल्या मुलांनी शेत पाहिलेलं नाही, म्हणून थोडं समजावून सांगतो. हीच थंडी गव्हाला आणि हरभऱ्याला मानवते. गव्हाला फुटवे चांगले येतात, हरभरा जोमात येतो. त्यामुळे ज्याने रब्बीची पेरणी वेळेवर केली तो आज देवाचे आभार मानतो आहे. पण बांधापलीकडे केळीचं पीक असेल तर तिथे रडू आहे. केळ हे उबदार हवेचं झाड. पारा 10-12 अंशांच्या खाली गेला की त्याची वाढ खुंटते. मुळं अन्न ओढत नाहीत, नवीन पान धड उलगडत नाही, घड खोडातून नीट बाहेर येत नाही, मध्येच अडकतो. जो बाहेर आलेला असतो तो भरत नाही, सालीचा रंग काळपट होतो. मग व्यापारी तोच घड कमी भावाने मागतो.

थंडी तिच्या वेळेवर आली तर शेतकरी तयार असतो. कापूस बराचसा वेचून झालेला असतो, बागेभोवती आडोसा केलेला असतो, घडांवर पिशव्या चढवलेल्या असतात. लवकर आलेली थंडी या तयारीच्या आधी गाठते. वर ती पुढे किती महिने मुक्काम करील तेही कळत नाही.

ती किती कडक होऊ शकते हे आपण विसरलेलो नाही. डिसेंबर 2018 च्या शेवटच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा 1.8 अंशांवर उतरला होता. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तिकडचे बागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. सगळं गाव झोपलेलं असतं आणि हा माणूस धुरात उभा असतो.

आता सांगा, आपणही पहाटे उठतो आणि तोही पहाटे उठतो. आपल्या हातात काकडा, त्याच्या हातात पेटता टेंभा. देवाच्या दारात कोणाचा जागर मोठा? त्या धाकट्या भावाला खंत वाटते की यंदा एकही काकड आरती मिळाली नाही. त्याला आम्ही एवढंच सांगू की, अरणच्या सावता महाराजांना पांडुरंग त्यांच्या मळ्यातच भेटला. तुझा मळा हेच तुझं देऊळ. तू तिथे जागतोस ती तुझी आरती.

*गोवर्धन आणि गोपांच्या काठ्या*

हा महिना गोवर्धनाचा. पाडव्याला आपण इथे अन्नकूट केला, छप्पन्न भोग मांडले, फोटोही काढले. आता त्या कथेत काय आहे ते आठवा. तीही हवामानाच्या संकटाचीच कथा आहे. अकाली पाऊस, सात दिवस, गुरंढोरं, वासरं, लेकरं सगळी उघड्यावर. भगवंतांनी करंगळीवर पर्वत उचलला. गोपांनी काय केलं? त्यांनी आपापल्या काठ्या खाली लावल्या.

काठीने पर्वत पेलत नाही. ते करंगळीचंच काम. पण देवाने उचलला म्हणून एकाही गोपाने काठी खाली ठेवली नाही, घरी जाऊन झोपला नाही. माझ्या काठीने पर्वत पेलला असं मानणं हा अहंकार. देवाने पेललाय, मग मी काठी कशाला लावू, हा आळस. दोन्हीच्या मधली वाट ती भक्ती. सद्गुरूंवर सोडायचं ते फळ. काठी सोडायची नाही.

आपल्या त्या धाकट्या भावाने काठी लावलेलीच होती. आम्ही कडोदऱ्यात बसून आमच्या काठ्या खाली ठेवल्या होत्या.

*वाटा कशाकशात?*

आता जरा बोचेल असं बोलतो. राग मानू नका.

आपल्यापैकी कितीतरी घरांची गावी शेती आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव, कुठे ना कुठे सातबाऱ्यावर आपलं नाव आहे. केळीचा पैसा आला की आपण हक्काने विचारतो, "माझा वाटा किती?" तो मागण्यात चूक काही नाही, तो आपला आहेच. पण नुकसान झालं की आपण विचारतो, "तू लक्ष का दिलं नाहीस?" म्हणजे उत्पन्न दोघांचं आणि थंडी एकट्या त्याची! हा कुठला हिशोब?

उत्पन्नात वाटा आहे, तर रात्रीतही वाटा हवा. हे आम्ही चौघा-पाचांनी त्या दिवशी बसून ठरवलं, आणि तुम्हीही आपापल्या घरात बसून ठरवा. काय करता येईल ते लिहितो.

एक. बऱ्याच गावांत अजून शेतीची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. थंडीत रात्रीचं पाणी बागेला ऊब देतं, कारण विहिरीचं आणि बोअरचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. म्हणजे जाणं चुकत नाही. पण एकट्याने जाऊ देऊ नका. गमबूट आणि चांगली बॅटरी घेऊन द्या. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नको, असं दर वेळी सांगा. वडीलधाऱ्यांना त्या वेळी शेतात पाठवू नका. आपल्याला जाता आलं नाही तर सोबतीच्या माणसाची मजुरी आपण द्यावी. तो आपला रात्रीचा वाटा.

दोन. बागेच्या कडेला, वारा येतो त्या बाजूला, ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करतात. ज्वाळा नको, धूर हवा. ठिबकच्या नळ्या आणि वाळलेली पानं जपून. घडांवर पिशव्या चढवतात. यासाठी माणसं लागतात. सुट्टीला जोडून ताप्ती लाइनच्या गाडीने एक फेरी मारता आली तर मारा.

तीन. फोन तुमच्या हातात दिवसभर असतोच. हवामान खात्याचं 'मेघदूत' अ‍ॅप मराठीत आहे. त्यात आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला पाहा, आणि संध्याकाळीच गावी कळवा की आज पारा उतरणार आहे. पहाटे कळवून उपयोग नाही.

चार. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान हाही धोका धरलेला असतो. पण तो आपल्या शेतातल्या थर्मामीटरवर ठरत नाही, महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. हप्ता भरला का, कागदात क्षेत्र बरोबर आहे का, बँक खातं कोणाचं जोडलं आहे, हे काम शिकलेल्या मुलांनी इथे बसून करावं. काकांचा वाटा त्यातूनही उचलता येतो.

पाच. नुकसान झालंच, तर यंदा आपला वाटा मागू नका. आणि मुख्य म्हणजे, "लक्ष का दिलं नाहीस?" हा प्रश्न तोंडातून काढू नका. शेतकऱ्याला पीक गेल्याचं दुःख सोसवतं, घरच्यांचा आरोप सोसवत नाही.

*आणि आपल्या दारातली थंडी*

ज्यांची गावी शेती नाही त्यांनी असं समजू नये की हे आपल्यासाठी नाही. दिवाळीनंतर आपल्या या भागात साखर कारखान्यांची ऊसतोड सुरू होते. डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून कोयता घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं येतात. त्यातले बरेच जण स्वतः कोरडवाहू शेतकरीच आहेत. पावसाचं पीक हाती लागलं की लेकरं घेऊन इकडे येतात आणि उघड्या माळावर, प्लास्टिकच्या झोपडीत राहतात. तेही पहाटेच उठतात, पण त्यांच्या अंगावर शाल नसते. पुढच्या आठवड्यात प्रत्येक घरातून एक तरी धडकं, धुतलेलं पांघरूण निघावं. फाटकं देऊ नये. देताना फोटो काढू नये.

शेवटी त्या साधकबंधूंचं सांगतो. ते सुट्टी काढून गावी गेले. दोन रात्री भावाबरोबर बागेत थांबले. परत आल्यावर आम्ही विचारलं, "केळी वाचली का?" ते म्हणाले, "काही घड गेले, काही राहतील असं वाटतं. ते सद्गुरूंच्या हातात." आणि मग थोडं थांबून म्हणाले, "पण दुसऱ्या रात्री मोटरजवळ मी बसलो, आणि भाऊ माझ्या घोंगडीत चार तास झोपला. पंधरा दिवसांनी झोपला तो."

आता त्यांनी म्हटलेलं "सद्गुरूंच्या हातात" आम्हाला खरं वाटलं. कारण काठी लावून झाली होती.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा चालू राहील. पुढे दत्तजयंती आहे, पारायणं होतील. सगळ्यांनी बसावं. फक्त एक नेम जास्त धरावा: पोथी उघडण्याआधी गावी एक फोन करावा आणि विचारावं, "आज रात्री सोबतीला कोण आहे?"

हा संदेश दुसऱ्या गटात पाठवण्याआधी तो फोन करा. संदेश नंतर पाठवला तरी चालेल.

सद्गुरू सर्वांच्या शेताला, घराला आणि भावाभावातल्या मायेला ऊब देवोत. 🙏

॥ शुभं भवतु ॥

आपला,
कडोदरा साधक परिवार