आणखी एक वर्ष राहू द्या

उपवासकाळातील तिसरा रविवार (वर्ष क)

पहिले वाचन : निर्गम ३:१-८, १३-१५
दुसरे वाचन : १ करिंथकरांस १०:१-६, १०-१२
शुभवर्तमान : लूक १३:१-९



आजच्या पहिल्या वाचनात परमेश्वर मोशेला जळत्या झुडपातून हाक मारतो, तर शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला एका निष्फळ अंजिराच्या झाडाजवळ नेऊन उभे करतो. मळ्याचा धनी तीन वर्षे फळ शोधायला येतो आणि तीनही वर्षे रिकाम्या हातांनी परत जातो. झाड विनाकारण जागा अडवून बसले आहे, ते तोडून टाक, असे तो माळ्याला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाही. मी भोवती खणीन, खत घालीन, असे वचन तो देतो.

उपवासकाळ आणि परीक्षा आपल्याकडे दरवर्षी हातात हात घालून येतात. दहावीची परीक्षा याच दिवसांत होते आणि नववीची तोंडावर येऊन ठेपते. म्हणून आज हा दाखला आपण आपल्या शाळांच्या आणि मुलांच्या संदर्भात वाचू या.

आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. पुढच्या काळात वऱ्हाडात ख्रिस्ती शाळांचे नाव घरोघरी पोहोचले. अमरावतीचे होली क्रॉस असो, अकोल्याचे माउंट कार्मेल असो, प्रवेशासाठी पालकांची धडपड चालते. या शाळांत शिकणारी बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत, तरी आईवडील विश्वासाने त्यांना सिस्टरांच्या आणि फादरांच्या हाती सोपवतात. यासाठी आपण देवाचे आभार मानतो. पण ज्याला मोठा मळा मिळाला, त्याला मळ्याच्या धन्याचा आणि माळ्याचा संवादही ऐकावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या उन्हात एक आई आपल्या मुलाला घेऊन आमच्या दारी आली. मुलगा नववीत नापास झाला होता. शाळेने टीसी काढून नेण्यास सांगितले होते आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, असा सल्ला दिला होता. आई म्हणाली, "फादरजी, पोरगा वाया गेलेला नाही जी. त्याले गणितच येत नाही. शाळेतल्या मॅडमले सांगा, एक साल राहू द्या म्हना." आम्ही तिला पाणी दिले, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाळेचे नियम असतात, असे समजावून परत पाठवले. पुढे तो मुलगा एका गॅरेजमध्ये दिसू लागला. फॉर्म भरला का, असे विचारले की तो मान खाली घालायचा. आजचे शुभवर्तमान वाचताना आम्हाला ती आई आठवते. माळ्याचेच शब्द तिच्या तोंडी होते आणि ते आम्हाला ओळखता आले नाहीत.

१७ नंबरचा फॉर्म वाईट नाही. ज्या मुलीची शाळा मधेच सुटली, जो मुलगा घर चालवण्यासाठी कामाला लागला, त्यांच्यासाठी मंडळाने ठेवलेले ते एक चांगले दार आहे. दुःख याचे आहे की हे दार बाहेरून आत येण्यासाठी होते आणि महाराष्ट्रभर कितीतरी ठिकाणी ते आतल्याला बाहेर घालवण्यासाठी वापरले जाते. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुले नववीतच गाळली जातात. मग निकालानंतर फलकावर 'शंभर टक्के' झळकते. ज्याला मोजलेच नाही, तो त्या शंभरात कोठून येणार? प्रभू येशूने सांगितलेल्या दुसऱ्या दाखल्यातला मेंढपाळही शंभर मोजतो. पण त्याचे शंभर हरवलेले एक परत आल्यावरच पूर्ण होतात.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याची सावली आठवीपर्यंत, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत पोहोचते. नववी आणि दहावी उघड्यावरच राहतात. त्यातही २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्याच्या बाहेर ठेवले. कायद्याने आपल्याला मोकळे केले म्हणून शुभवर्तमानानेही मोकळे केले आहे का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. त्यात गरिबांची, कुटुंबाच्या आधाराला व मायेला पारखे झालेल्यांची आणि श्रद्धेबाहेरच्या मुलांची विशेष काळजी घ्या, असे आवर्जून सांगितले आहे. हुशार मुलांची निवड करा, असे तेथे सांगितलेले नाही.

बोधकथा

फ्रान्समध्ये १७८६ साली एका शेतकऱ्याच्या घरी जॉन मेरी व्हियानी जन्मला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचे शिक्षण उशिरा सुरू झाले. धर्मगुरू व्हायचे तर लॅटिन हवे आणि ती भाषा काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. १८१३ साली तो लिऑनच्या सेमिनरीत गेला, पण अभ्यासात कच्चा म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. धन्याचा हिशोब चुकीचा नव्हता, झाडाला फळ नव्हतेच. पण एक्युलीचे धर्मगुरू फादर बॅली यांनी त्याला पुन्हा आपल्या घरी ठेवून घेतले आणि शिकवले. त्याच्यासाठी वरिष्ठांकडे शब्दही टाकला. १८१५ साली व्हियानीला गुरुदीक्षा मिळाली. पुढे आर्स या लहानशा गावात त्याच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरहून रांगा लागल्या. लॅटिनमध्ये अडखळलेला तो मुलगा आज धर्मग्रामांच्या सर्व धर्मगुरूंचा आश्रयदाता संत आहे. फादर बॅलींनी खणण्याचा कंटाळा केला असता, तर आपण या संताला मुकलो असतो.

मनन चिंतन

वऱ्हाडातल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. वरूड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागाईतदार नवे कलम चार-पाच वर्षे फळाविना सांभाळतो. बहार धरण्यासाठी तो झाडाचे पाणी तोडून ताण देतो. मग आळे खणतो, शेणखत घालतो आणि ओलीत सुरू करतो. 'ताण' हा शब्द आता आपल्या मुलांच्याही तोंडी आला आहे. फरक इतकाच की बागाईतदार ताणानंतर पाणी देतो. आपण मुलांना ताण देतो आणि पाणी द्यायचे विसरतो.

मुलाभोवती खणायचे म्हणजे काय करायचे? नववीत बीजगणित येत नाही, त्या मुलाचे पाचवीतले अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात. त्याला ओरडण्याऐवजी पाचवीपर्यंत मागे जावे लागते. मेळघाटातून आलेल्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात. त्याला प्रश्न समजला नाही, म्हणून त्याला उत्तर येत नाही असे होत नाही. दिवाळीनंतर एखादी मुलगी वर्गात दिसत नाही. ती कापूस वेचायला गेली असेल, नाहीतर आई वेचणीला गेली म्हणून धाकट्याला सांभाळत असेल. हे सारे हजेरीपटावर लिहिलेले नसते. त्यासाठी घरी जावे लागते. पहिल्या वाचनात देव असेच करतो. तो आपल्या लोकांचे हाल पाहतो, त्यांचा आक्रोश ऐकतो, त्यांचे दुःख जाणतो आणि मग खाली उतरतो. त्यासाठी तो निवडतो कोणाला, तर पुढे स्वतःच आपली जीभ जड असल्याची सबब सांगणाऱ्या मोशेला!

८ डिसेंबर १८४१ रोजी तुरिन शहरात डॉन बॉस्को मिस्साची तयारी करीत होते. मिस्साची सेवा येत नाही म्हणून सेवकाने एका अनाथ मुलाला मारून हाकलले. त्याचे नाव बार्थोलोमियो गारेली. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. वाचता येते का, लिहिता येते का, असे विचारले. प्रत्येक वेळी उत्तर 'नाही'. शेवटी त्यांनी विचारले, शिट्टी वाजवता येते का? मुलगा हसला. तेथून त्यांच्या कार्याला सुरुवात झाली. मुलाला काय येत नाही याची यादी आपल्याकडे तयार असते. त्याला काय येते, हे विचारणारा एक जण त्याला हवा असतो.

आईवडिलांनो, शेजारच्या मुलाचे टक्के आपल्या मुलाच्या ताटात वाढू नका. शिक्षकांनो, एखाद्या मुलाचा टीसी लिहिण्यापूर्वी त्याच्या घराचा उंबरठा एकदा ओलांडा. मंडळाने २०१५ पासून दहावीच्या निकालानंतर लगेच फेरपरीक्षा सुरू केली. सरकारी मंडळ जर दुसरी संधी देते, तर आपण वर्षभराची वाट का पाहू नये? आणि धर्मग्राम म्हणून आपणही हात झटकू शकत नाही. आपले सभागृह संध्याकाळी कुलूपबंद असते. निवृत्त शिक्षक आणि कॉलेजात शिकणारी आपली मुलेमुली आठवड्यातून तीन दिवस तेथे बसली, तर चार-दोन झाडे तरी वाचतील.

विद्यार्थी मित्रांनो, दाखल्याला तुमचीही बाजू आहे. माळी खणतो, खत घालतो, पण फळ झाडालाच धरावे लागते. मिळालेले वर्ष कायमचे नसते. प्रभू आज पश्चात्तापाची हाक देतो, ती तुम्हालाही आहे.

वऱ्हाडात १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांना शाळा लाभली नाही. तरी पोटाला चिमटा काढा पण मुलांना शिकवा, असे ते गावोगाव सांगत फिरले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. फळ कोठून, केव्हा येईल हे धन्यालाही सांगता येत नाही. आपण कुऱ्हाड खाली ठेवून कुदळ उचलू या.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे दयाळू प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

१. आपले पोप महोदय, बिशप, धर्मगुरू व व्रतस्थ यांनी दुर्बळांना माळ्याच्या धीराने सांभाळावे, म्हणून आपण प्रार्थना करू या.

२. अमरावती व अकोला परिसरातील शाळांच्या शिक्षकांना प्रत्येक मुलातला गुण ओळखण्याची दृष्टी मिळावी, म्हणून आपण प्रार्थना करू या.

३. दहावी-बारावीच्या मुलामुलींना शांत मन लाभावे आणि अपयश आले तरी त्यांनी आशा सोडू नये, म्हणून आपण प्रार्थना करू या.

४. ज्यांची शाळा सुटली, त्यांना परतीची वाट दाखवणारा कोणी भेटावा आणि तो कोणी आपल्यापैकीच असावा, म्हणून आपण प्रार्थना करू या.

५. आता थोडा वेळ शांत राहून आपल्या वैयक्तिक हेतूंसाठी प्रार्थना करू या.