नवं रीळ

वस्तू चालू आहे, मोडलेली नाही, तरी तिच्यापेक्षा सुधारलेली बाजारात आली, तर हातातली टाकून नवी घ्यावी का? प्रश्न दिसायला साधा आहे. पण तो माझ्यापुढं लहानपणी मोटेच्या रूपानं आला, मग चुलीच्या रूपानं आला, आणि आता साठी उलटल्यावर मासे धरायच्या रिळाच्या रूपानं आला आहे. रीळ म्हटलं की हल्लीच्या पोरांना मोबाईलवर नाचणारी माणसं आठवतात. मी म्हणतो ते रीळ काठीला बसवतात. त्यावर तंगूस गुंडाळलेलं असतं आणि गळाला मासा लागला की मूठ फिरवून त्याला काठावर आणायचं असतं.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठी. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं आणि बंधाऱ्याला ढापे टाकले की मागं लांबवर पाणी तुंबतं. त्यात कटला असतो, रोहू असतो, कडंला गवतात मरळ असते, आणि चिलापी तर आता विचारूच नका. गावातली निम्मी घरं माळकरी आहेत, त्यांचा माशाशी संबंध नाही. मी माळ घातलेली नाही. दूध घालून झालं की संध्याकाळी तासभर बंधाऱ्यावर बसतो. कधी मासा मिळतो, बहुतेक वेळा मिळत नाही. मंडळी म्हणतात, "रिकामं यायचं तर घरीच बसावं." त्यांचंही खरं आहे.

लहानपणी आमच्याकडं वेळूची काठी, तिला दोरा, दोऱ्याला गळ आणि ज्वारीच्या धाटातल्या भेंडाचा तुकडा तरंगायला. आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. काठी जेवढी लांब तेवढाच गळ लांब जायचा. रीळ पहिल्यांदा हातात आलं ते बारा-तेरा वर्षांपूर्वी. पुण्याहून मागवलं होतं, दीड हजार पडले. आवाज करतं, मूठ थोडी डगडगते, पण गळ पार पलीकडच्या धारंला पडतो.

माझा पुतण्या सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याला या गोष्टीचा नाद. तो सुट्टीच्या दिवशी येतो, मासा धरतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो. (हे बघून आमच्या गावातले भोई कपाळाला हात लावतात.) त्याच्याकडं शिमानो कंपनीचं स्ट्रॅडिक नावाचं रीळ आहे, 2019 सालच्या बनावटीचं. परवा म्हणाला, "तात्या, 2023 चं नवं निघालंय, मी घेणार. माझं जुनं तुम्ही वापरा, आणि तुमचं ते खडखडं टाकून द्या." किंमत विचारली तर आमच्या एका दुभत्या गाईचं महिन्याचं दूध घातलं तरी पुरत नव्हती.

मी म्हटलं, "जुन्यानं मासा येत नाही का?"

"येतो."

"मग नव्यानं काय होतं?"

"आणखी मऊ फिरतं, तात्या. लोड आला तरी मूठ जड होत नाही."

मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, कारण यंत्राची मला आवड आहे. ही शिमानो कंपनी जपानमधल्या साकाई शहरातली. 1921 साली सुरू झाली ती सायकलचं फ्रीव्हील करायला, माशाच्या सामानात उतरली 1970 साली. तिचं स्ट्रॅडिक तेच नाव ठेवून 2015 ला सुधारलं, 2019 ला सुधारलं, परत 2023 ला सुधारलं. तिचंच एक फार महाग रीळ आहे स्टेला, ते 2014, 2018, 2022 असं आलं. म्हणजे दर चार वर्षांनी. आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक पाच वर्षांनी येते, त्याच्याही एक वर्ष आधी रीळ जुनं होतं. आता मासा चार वर्षांत काही शहाणा होत नाही. पाणीही तेच. मग जुनं झालं ते काय झालं? रीळ झालं नाही, रीळ धरणाऱ्याचं मन झालं. मन जुनं करायची ही कला मोटारसायकलवाल्यांना येते, मोबाईलवाल्यांना येते, बियाणंवाल्यांना तर फारच येते.

पण एवढं बोलून हात झटकणं मला पटत नाही. कारण सुधारणा म्हणजे नुसता बाजार असं म्हटलं तर रीळ हीच एक सुधारणा होती. ब्रॅडफर्डला इलिंगवर्थ नावाचा एक लोकरीच्या गिरणीवाला होता. त्याच्या आधीचं रीळ रहाटासारखं होतं, दोरा सुटताना सगळं चाक फिरायचं, आणि हलका गळ लांब टाकायचा म्हटलं की गुंता व्हायचा. गिरणीत सूत कांडीच्या टोकावरून सुटतं, कांडी जागची हलत नाही. नगरच्या मागावाल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यानं तीच युक्ती रिळाला लावली आणि 1905 साली पेटंट घेतलं. माझं दीड हजाराचं रीळही त्याच युक्तीवर चालतं. तेव्हा कुणी वेळूची काठीच बरी म्हणून बसलं असतं तर माझा गळ अजून काठाजवळच पडला असता. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणत होते की लोखंडानं जमीन विषारी होते. नव्याला नाही म्हणणं हे काही शहाणपणच असतं असं नाही, कधी कधी ती नुसती भीती असते.

मग ओळखायचं कसं? मी एक कसोटी धरली आहे, ती सांगतो. जुन्या वस्तूत खोट असतेच. ती खोट कोण सोसतं ते बघायचं.

आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेचं गाणं, मोटेचं पाणी याबद्दल लोक फार गोड लिहितात. लिहिणाऱ्यांतले किती जण धावेवर बैलांच्या मागं उलट चालले असतील देव जाणे. मी लहान होतो, नाड्यावर बसायचो. मोट भरून वर येताना बैलाच्या मानेवर जू कसं बसतं ते मी जवळून बघितलंय. उन्हाळ्यात मानेला आवाळू यायचं, चिघळायचं, वडील त्याला हळद-तेल लावायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जुंपायचे. इंजिन घ्यायचं निघालं तेव्हा आजोबा म्हणाले, "मोटंला काय झालंय? पाणी येतंय ना?" पाणी येत होतं. मोटेची खोट आजोबांच्या मानेवर नव्हती, बैलांच्या मानेवर होती.

चुलीचंही तसंच. गॅसची टाकी घरात आली तेव्हा गावातली किती तरी बापेमाणसं म्हणत होती, चुलीवरच्या भाकरीची सर गॅसच्या भाकरीला नाही. चवीचं ते खरंच होतं. पण चुलीपुढं बसून फुंकणी मारणारं एक तरी बापेमाणूस मी बघितलं नाही. माझी आई पावसाळ्यात ओल्या तुरकाट्यांवर स्वयंपाक करायची. डोळ्यांचं पाणी पदरानं पुसत भाकरी थापायची, आणि आम्ही ओट्यावर बसून म्हणायचो, आज भाकरी चांगली फुगली. तिला कुणी विचारलं नाही की तुला चूल पाहिजे का गॅस पाहिजे. विचारलं असतं तर गॅस आमच्या घरात दहा वर्षं आधी आला असता.

हे रिळाला लावून बघितलं. माझं रीळ खडखडतं, तर कान माझे. मूठ डगडगते, तर मनगट माझं. गळ नव्या रिळाच्या मानानं चार-पाच हात अलीकडं पडतो, तर मासा माझा जातो. या सगळ्या खोटी माझ्या मी सोसतो, मला चालतात, तेव्हा यासाठी नवं घ्यायचं कारण नाही. कुणी घेतलं तर हौस म्हणावं, गरज म्हणू नये. हौस वाईट नसते, फक्त तिला गरजेचं नाव दिलं की घरात भांडणं होतात.

पण रिळात एक भाग असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. मोठा मासा लागला आणि त्यानं ओढ घेतली की रिळानं थोडा दोरा सोडावा, ओढ कमी झाली की धरावं, यासाठी तो असतो. नवा खोंड कासऱ्याला असताना आपण जसं थोडं सैल सोडतो, थोडं धरतो, तसंच. माझ्या रिळात त्यासाठी फेल्टच्या चकत्या होत्या, त्या वाळून कडक झाल्या. मग ड्रॅग एकदम धरतो, एकदम सोडतो. अशा झटक्यानं तंगूस तुटतं. तुटलं की मी दुसरा गळ बांधतो, माझे पाच रुपये गेले. मासा मात्र तोंडात गळ आणि मागं वावभर तंगूस घेऊन जातो. पुढं काठावरच्या बेशरमीत तो कुठं अडकतो, किती दिवस तसा राहतो, ते मला दिसत नाही. ही खोट मी सोसत नाही. ही बैलाच्या मानेवरची खोट आहे.

म्हणून मी रीळ उघडलं. नव्या चकत्या बसवल्या, तेल दिलं, ग्रीस बदललं. शंभर रुपयांच्या आत काम झालं. एवढ्यावर भागत असेल तर नवं घेऊ नये. पण पुढं त्या चकत्या मिळेनाशा झाल्या, तर काय? नवं मॉडेल काढून कंपनी जुन्याचं काही वाकडं करत नाही. जुन्याचे पार्ट बंद झाले म्हणजे ते मरतं. आमच्या वस्तीवर दोन चांगल्या मोटारी अशाच एकेका पार्टावाचून भंगारात गेल्या. तेव्हा वस्तू घेताना नवी किती आहे हे विचारण्यापेक्षा दहा वर्षांनी हिचा पार्ट मिळेल का, हे दुकानदाराला विचारावं. तो हसतो, हसू द्यावं.

पुतण्याचं म्हटलं तर तो मासा सोडतो. सोडायचा मासा थकवून थकवून काठावर आणला तर सोडून काय उपयोग? त्याला मऊ ड्रॅग पाहिजे हे मला मान्य. पण तो त्याच्या 2019 च्या रिळातही चांगला आहे, हे त्यानंच कबूल केलं.

इथपर्यंत माझी कसोटी बरी चालते. पुढं एका ठिकाणी ती अडते. आमच्या गावच्या भोयांकडं पूर्वी सुती जाळी होती. रोज धुवायची, वाळवायची, फाटलं की विणत बसायचं, आणि एवढं करूनही ती कुजायची. जाळ्याची खोट सगळी भोयाच्या अंगावर, त्याच्या बायकापोरांच्या अंगावर. मग नायलॉनची जाळी आली आणि नंतर तंगुसाची. स्वस्त, हलकी, पाण्यात दिसत नाही, कुजत नाही. भोयाचे कष्ट निम्म्यावर आले. पण कुजत नाही म्हणूनच ती तुटून पाण्यात राहिली तर मालकावाचून मासे धरत राहते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाभळीच्या बुंध्यांना अडकलेल्या तुकड्यांत मेलेली चिलापी लटकलेली दिसते, एकदा पाणकावळा होता. सुतीची खोट माणसानं सोसली, तंगुसाची पाणी सोसतंय. मी भोयाला कोणत्या तोंडानं सांगू की परत सूत घे? माझं पोट गाईवर आणि उसावर आहे, त्याचं पाण्यावर.

एका म्हाताऱ्या भोयाला मी हे विचारलं. तो म्हणाला, "तात्या, माझी आई जाळं वाळवता वाळवता गेली. सूत मी घरात आणणार नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "पण तुटल्यालं गोळा करता येतं. कुणी करीत नाही, एवढंच."

गेल्या वैशाखात ढापे काढल्यावर आम्ही दोघांनी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बाभळीत अडकलेलं तंगूस काढलं. दीड पोतं निघालं. त्यात माझे तीन गळ सापडले.

पुतण्यानं अजून नवं रीळ घेतलेलं नाही. दिवाळीत बोनस मिळाला की बघू म्हणतो.