सुख, अंतःप्रेरणा आणि ज्ञान यांविषयीचे भ्रम



देवळाची पायरी चढणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा तीन मागण्या असतात. आपणांस सुख लाभावे, अडचणीच्या वेळी योग्य बुद्धी सुचावी आणि अखेरीस देवाचे खरे ज्ञान व्हावे. तिन्ही मागण्या उत्तम आहेत. परंतु सुख कशास म्हणावे, देवाने दिलेली बुद्धी कोणती आणि ज्ञान म्हणजे काय, याविषयी आपल्या मनात पुष्कळ घोटाळा असतो. त्या घोटाळ्याचे मूळ एकच आहे. आपणांस जे जसे वाटते ते तसेच असते, असे आपण गृहीत धरून चालतो. सुख वाटले की ते सुख, आतून काही सुचले की ती देवाची आज्ञा, आणि कळल्यासारखे वाटले की ते ज्ञान! आपल्या शास्त्रकारांनी मात्र केवळ ‘वाटणे’ ही अखेरची कसोटी मानलेली नाही.

प्रथम सुखाचा विचार करू. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी विषासारखे वाटते आणि परिणामी अमृतासारखे होते ते सात्त्विक. जे आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे ते राजस. आणि निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजणारे, आरंभी आणि शेवटीही भुलविणारे ते तामस. येथे भगवंतांनी सुखाची गोडी मोजली नाही, तर त्याचा शेवट पाहावयास सांगितले आहे, हे ध्यानात घ्यावे.

राजस सुखाचा मोह आपण सर्वच जाणतो. त्याविषयी फार बोलावयास नको. अधिक फसविणारे आहे ते तामस सुख, कारण ते पुष्कळदा शांतीचे वस्त्र पांघरून येते. घरी वृद्ध आई अंथरुणाला खिळली आहे, तिची शुश्रूषा सून एकटी करीत आहे, आणि चिरंजीव ‘माझ्या मनाला आता शांती पाहिजे’ असे म्हणून तीर्थयात्रेस निघाले आहेत. तीर्थात त्यांस बरे वाटेल, यात संशय नाही. परंतु ते बरे वाटणे कर्तव्यातून सुटल्याचे आहे, देवाच्या सान्निध्याचे नव्हे. आईच्या उशाशी जागून काढलेली रात्र आरंभी कडूच लागते. तथापि वर्षे लोटल्यावर, आई गेल्यानंतर, कोणती आठवण मनाला निववील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरा भ्रम अंतःप्रेरणेचा. ‘मला आतून वाटले’ हे शब्द आजकाल फार ऐकू येतात. मुलीचे स्थळ सर्व दृष्टींनी योग्य असते, मुलीलाही पसंत असते. पण घरातील एखादे वडीलधारे म्हणतात, ‘माझे मन घेत नाही’, आणि तेवढ्यावर ती गोष्ट मोडते. मनाने का घेतले नाही, हे कोणी विचारीत नाही. कदाचित त्या मनात मानापमान असेल, कदाचित जुने वैर असेल, कदाचित केवळ भीती असेल. यांपैकी कशासही देवाचा आवाज म्हणता येणार नाही. आणि दंड मात्र त्या मुलीने भोगावयाचा!

आपल्या गोमंतकात देवाला कौल लावण्याची परंपरागत रीत आहे. उजवा कौल मिळाला म्हणजे देवाची संमती, अशी आपली श्रद्धा. परंतु डावा कौल मिळाला म्हणून पुनःपुन्हा लावणारा, आणि उजवा मिळेपर्यंत न थांबणारा माणूस देवास विचारीत नसतो. आपल्याच इच्छेवर देवाची मोहोर मागत असतो. आतल्या आवाजाचेही नेमके असेच होते. हवे ते उत्तर येईपर्यंत आपण मनाला विचारीत राहतो.

अंतःकरणाच्या कौलाला आपल्या परंपरेत स्थान नाही, असे मात्र नव्हे. मनुस्मृतीत धर्माच्या प्रमाणांत आत्मतुष्टीही सांगितली आहे. परंतु ती वेद, स्मृती आणि सदाचार यांच्या मागून येते. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त पहिल्या अंकी दुष्यंतास शंका पडते की, ही आश्रमकन्या क्षत्रियाने वरण्यास योग्य आहे की नाही. तेव्हा तो आपल्या अंतःकरणाच्या ओढीस प्रमाण मानतो. पण सज्जनांच्या अंतःकरणाची ओढ, असे तेथे म्हटले आहे, कोणाच्याही नव्हे. पुढे शकुंतला विश्वामित्र व मेनका यांची कन्या असल्याचे कळते आणि त्याचा तर्क खरा ठरतो. तोच राजा पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून अकारण व्याकूळ होतो. ती हुरहूरही खरीच होती, परंतु तिचा अर्थ त्यास लागला नाही. आणि थोड्याच वेळाने दारी आलेल्या पत्नीस त्याने परत लोटले. पुढे कोळ्याजवळ अंगठी सापडली, तेव्हा त्यास स्मरण झाले. अंतःप्रेरणा खरी असली तरी तिचा अर्थ लावण्यात माणूस चुकतो, आणि त्या चुकीचे फळ दुसऱ्यास भोगावे लागते, हे कवीने येथे दाखविले आहे.

म्हणून आतून काही सुचले तर स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हे माझ्या सोयीचे आहे काय? असल्यास अधिक तपासावे. याने कोणाचे अहित होते काय? होत असल्यास थांबावे. हे जाणत्या माणसापुढे मांडण्याची माझी तयारी आहे काय? आजार असेल तर वैद्य-डॉक्टरांपुढे, व्यवहार असेल तर त्यातील माहीतगारापुढे. जी प्रेरणा प्रकाशात येण्यास भिते, ती देवाकडून आलेली नसावी.

तिसरा भ्रम ज्ञानाचा, आणि तो देवळात येणाऱ्या आपणां लोकांस विशेष बाधतो. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकावयास जातात. सनत्कुमार विचारतात, आजवर काय शिकलास ते सांग. नारद चारी वेद, इतिहासपुराणे, व्याकरण, गणित, नक्षत्रविद्या अशी लांबलचक यादी सांगतात, आणि शेवटी कबूल करतात की, मी केवळ मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नव्हे. म्हणूनच मला शोक होतो. एवढ्या विद्वानाने हे कबूल करावे, हेच त्याच्या ज्ञानाचे पहिले पाऊल होय.

कोणी म्हणतील, पुस्तकी विद्या निराळी, पण अंतर्ज्ञानाची शक्ती तरी ज्ञान असेल. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात ‘बहुधाज्ञान’ या समासात भूतभविष्य कळणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे या गोष्टीही आत्मज्ञान नव्हेत, असे स्पष्ट सांगितले आहे. पतंजलींनी तर योगसूत्रांच्या विभूतिपादात ‘प्रातिभ’ ज्ञानाचा, म्हणजे अंतःस्फूर्तीच्या शक्तीचा, उल्लेख करून लागलीच म्हटले आहे की, हे सर्व समाधीस विघ्नरूप आहे. म्हणून कोणी मनातले ओळखले, तर त्याच्या पायावर डोके ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे.

मग ज्ञान ओळखावे कसे? गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले लक्षण ‘अमानित्व’ सांगितले आहे. मोठेपणाची हाव नसणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा असा तो क्रम आहे. नेवासे येथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानदेवांनी या लक्षणांचा विस्तार मोठ्या प्रेमाने केला आहे. यांतील बहुतेक लक्षणे माणसाच्या वागण्यात दिसणारी आहेत. याचा अर्थ असा की, आपले ज्ञान किती वाढले, हे आपल्यापेक्षा आपल्या घरची माणसे अधिक अचूक सांगू शकतील.

तेव्हा सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर क्षणभर विचार करावा : आजच्या माझ्या सुखाचा भार कोणावर पडला? आज मी कोणत्या इच्छेस देवाची आज्ञा म्हटले? आणि आजच्या पोथीवाचनाने माझी जीभ थोडी तरी मवाळ झाली काय? उत्तरे नेहमीच सुखाची येणार नाहीत. आरंभी ती विषासारखीच वाटतील. पण त्यांचा शेवट गोड व्हावा, हीच कुलदेवतेच्या चरणी प्रार्थना.

शुभं भवतु.